खाट नंबर चार ते आठ

पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि घरातली शांतता मोडली. मांडीवरचं तान्हं दचकलं. पार्बताबाईनं त्याला थोपटलं, सांडशीनं झाकण जरा सरकवलं. पाण्यात बाळाचं बोंडलं उकळत होतं.

"झालं की उकळून," तिचा भाऊ रामराव म्हणाला.

"आत्ता कुठं बुडबुडे आले. अजून दहा मिनिटं."

लग्नाआधी पार्बताबाई नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नर्स होती. लेकरं झाली, नोकरी सुटली. खोदून विचारायची सवय मात्र सुटली नाही. राजापेठेत कुणाचं काही अडलं, की लोक पोलिसांआधी तिच्या ओट्यावर येत. तार कचेरीत कारकून असलेला रामराव सुटीच्या दिवशी वही घेऊन तिच्यामागं हिंडे.

आज ओट्यावर देवमन उभा होता, अकोल्याच्या जिनिंगमधला हमाल.

"आत या, दादा."

"इथंच बरा हाओ, बाई."

"तिथं ऊन आहे. आत या."

तो आत आला, पण दाराशीच टेकला. "माही पोरगी ललिता इथल्या नर्सिंग शाळेत हाये. दहा पोरी हायेत. पाच जणीईले कावीळ झाली, त्यातली सुंदरा मेली. आता म्हंतेत, ललितानं मोठ्या माठात काईतरी टाकलं. आज चार वाजता कमिटी तिचं नाव काढून राहिली."

"ललितावरच काहून?"

"ती अन् आमच्याच समाजाची चतुरा ठणठणीत हायेत म्हून. आमी बौद्ध झालो त्याले सा वर्सं झाले, पण या दोघीईचा माठ अजून वेगळाच हाये." त्यानं पंच्यानं डोळे पुसले. "आमच्या घरातली पयली शिकलेली पोर हाये, बाई."

पार्बताबाईनं बाळ शेजारी दिलं आणि सहा वर्षांच्या लेकीचं, मैनाचं बोट धरलं. ती शेजारी थांबेना.

नर्सिंग शाळेत मेट्रनबाईंनी बसासुद्धा म्हटलं नाही. "त्या दोघींचा माठ वेगळा, त्या धडधाकट. आमच्या माठातलं पाणी प्यालेल्या आजारी. आणखी काय पुरावा हवा? शिवाय आमच्या कंपाउंडरनं ललिताला माठाशी पाहिलंय."

"कधी?"

"ते त्याला विचारा."

स्वयंपाकघरात भागीरथा कणीक मळत होती.

"मोठ्या माठातलं पाणी तुम्हीही पिता?"

"मंग काय इहिरीवर जाऊ? मी पेतो, मेट्रनबाई पेते."

"तुम्हाला काही झालं नाही?"

"मले? ह्या परातीकडं पाहा, मंग इचारा!"

आजारी मुलींच्या खोलीत खाटा हजेरीच्या नंबरानं लावल्या होत्या. चार, पाच, सात, आठ. पोरींचे डोळे हळदीच्या पाण्यासारखे झाले होते. सहा नंबरच्या खाटेवर गादीची वळकटी होती. मैना तिच्याकडे बघत राहिली. पार्बताबाईनं तिला जवळ ओढलं.

तीन नंबरची तानू सगळ्यांना उसाचा रस पाजत होती.

"तुला भीती नाही वाटत?"

"मले होऊन गेली जी. दोन सालाआंधी, मोर्शीले. मामानं मंत्र टाकून उतरवली."

रामरावानं पेन्सिल थांबवली. "ताई, मंत्र लिहू?"

"मंत्र राहू दे. मोर्शी लिही. आणि तानू, ह्या आजारी कधी पडल्या?"

"संक्रांतीच्या आगंमागं. आठ दिवसांत साऱ्याच."

"त्याआधी कसली सुई टोचली होती?"

"विषमज्वराच्या लशीची, दसरा झाल्यावर. हजेरीनं रांग लावली होती. मले तं थंडगार लागली, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलेली."

कंपाउंडर सूर्यभानच्या टेबलावर एक स्टो आणि लस टोचायच्या काचेच्या दोन पिचकाऱ्या होत्या.

"लस तुम्हीच टोचलीत?"

"मंग! दवाखान्यात काम करायचं तं टोचून घ्याच लागते. दहा पोरी, पंधरा मिनिटांत मोकळा!"

"पिचकारी उकळून?"

"म्हंजे काय? दरेक पोरीले उकळून!"

"वा, हात चांगलाच चालतो तुमचा," रामराव म्हणाला. बहिणीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं वही मिटली.

ललिता बांधलेल्या ट्रंकेवर बसली होती. आठ नंबरनंतर तिचा आणि चतुराचा नंबर.

"माठाला हात लावलास?"

"नाई जी. लावला असता तं तवाच मार खाल्ला असता."

"लस टोचली तेव्हा दुखलं?"

"चटका बसला. सुई गरम होती. चतुरा तं ओरडलीच."

पार्बताबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "ट्रंक सोड. पुस्तकं वर काढून ठेव."

चार वाजता कमिटी बसली. अध्यक्ष किसनराव वकील होते; त्यांनी पार्बताबाईला पाच मिनिटं दिली.

"पाण्याची गोष्ट खोटी आहे," ती म्हणाली. "मोठ्या माठातलं पाणी भागीरथा प्याली, मेट्रनबाई प्याल्या, एक ते तीन नंबरच्या मुलीही प्याल्या. त्यांना काही नाही. पडल्या त्या ओळीनं चार ते आठ. पाण्याला हजेरीचा नंबर कळत नाही. लशीच्या रांगेला कळतो. सूर्यभान, दहाही जणींना एकच पिचकारी फिरवलीत ना? ललितालाही तीच?"

सूर्यभान ताडकन उठला. "तिले तीच कशी देईन? त्या दोघीईची वेगळी होती! तोवर उकळत्या पाण्यातच पडली होती, शेवटी काढली. मेट्रनबाईनंच सांगतलं होतं, नाई तं बाकीच्या पोरी बाटतीन!"

किसनरावांनी मेट्रनबाईंकडे पाहिलं.

"ताई," रामराव हळूच म्हणाला, "म्हणजे बाकीच्या आठजणींना..."

"एकच. तीही मधे न उकळता. माझ्या बाळाचं एक बोंडलं उकळायला दहा मिनिटं लागतात. ह्यांनी पंधरा मिनिटांत दहा मुली उरकल्या. तानूला सुई थंड लागली, ललिताला गरम." तिचा आवाज चढला. "तानूला कावीळ होऊन गेली होती. ती वरून उतरते, पण कधीकधी रक्तात राहून जाते. सुईतून डोळ्याला न दिसेल एवढं रक्त पिचकारीत मागं येतं, आणि स्पिरिटचा बोळा सुई फक्त बाहेरून पुसतो. मागच्या महायुद्धात सैनिकांना लस टोचल्यावर दोन-तीन महिन्यांनी अशीच कावीळ झाली होती, आम्हाला नागपूरला डॉक्टरांनी शिकवलं होतं. दसरा ते संक्रांत मोजा. एक आणि दोन नंबर तानूच्या आधी होत्या, म्हणून सुटल्या."

दाराशी तानू हुंदके देऊ लागली. पार्बताबाईनं तिला कुशीत घेतलं. "तुझा काही दोष नाही, बाय. तू फक्त रांगेत उभी होतीस."

मग ती मेट्रनबाईंकडे वळली. "दोन मुलींचा विटाळ होतो म्हणून तुम्ही त्यांच्यासाठी वेगळी सुई ठेवलीत, ती उकळत राहिली. बाकीच्या तुमच्या लाडक्या, त्यांना उष्टी चालली! ह्या दोघी तुमच्या किळसेमुळं वाचल्या, आणि वाचल्या म्हणून गुन्हेगार? सुंदराच्या आईला काय सांगणार आहात?"

तिनं सूर्यभानकडे बोट केलं.

"आणि माठाशी ललिताला कोणी पाहिलं?"

सूर्यभान खाली बसला. "कोणीच नाई जी. सुंदरा गेली तवा मले भ्याव वाटलं. कोणाचं तरी नाव घ्याच लागत होतं."

"आणि ललिताचं घेतलं तर कुणी उलटून विचारणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं."

किसनरावांनी चष्मा काढला. "मुलीचं नाव राहील. कंपाउंडरला आजच कामावरून दूर करू. मेट्रनबाईंचं... बघू."

"बघू नका, लिहा. सुंदराच्या मरणाच्या चौकशीत दोघांची नावं लिहा. मी इथंच उभी आहे. ह्या काविळीवर लस अजून निघालेली नाही. निघेपर्यंत ह्या पोरींना उकळत्या पाण्याशिवाय कुणी नाही, हेही लिहा."

किसनरावांनी लिहिलं, तेव्हाच ती बाहेर पडली.

व्हरांड्यात देवमन लेकीची ट्रंक पुन्हा आत ठेवत होता. ललितानं मैनाला उचलून घेतलं, तिच्या गालाला गाल लावला. टांग्यात बसल्यावर रामरावानं विचारलेल्या साऱ्या शंकांची उत्तरं पार्बताबाईनं दिली: रक्ताची, स्पिरिटची, तीन महिन्यांची. मैना सगळं ऐकत होती.

"आई," तिनं पदर ओढला, "ललितामावशीनं काहीच केलं नव्हतं, तं तिची सुई पहिल्यापासून वेगळी काहून होती?"