दोराचे दोन झटके

ही गोष्ट खरी आहे. मी स्वतः तिथे होते आणि तो दोर माझ्याही हातात होता. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढची पोस्ट वाचावी, माझा राग नाही.

एक आधीच सांगते. रात्र नव्हती. अमावस्या नव्हती, पिंपळ नव्हता, पांढरी साडी तर नव्हतीच.

जानेवारीतला शुक्रवार होता. जेवणानंतरची वेळ. जागा म्हणजे पेणला हायवेला लागून असलेली माझी पत्र्याची शेड. शेजारच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्ती घासत होते, त्याची खरखर ऐकू येत होती.

मी रूथ रोहेकर. रोहा-नागोठण्याकडच्या केमिकल कंपन्यांतल्या कामगारांना ट्रेनिंग देते. विषारी गॅस, अ‍ॅसिड, सांडपाण्याच्या टाक्या... यात काम करून संध्याकाळी जिवंत घरी कसं जायचं, ते शिकवते. प्रदूषणाचे कायदेही शिकवते, पण ते पोरं डोळे उघडे ठेवून झोपेत ऐकतात.

आम्ही कोकणातले ज्यू. माझे नातेवाईक बहुतेक सगळे इस्रायलला गेले. मी इथेच राहिले. भुताखेतांवर माझा विश्वास नाही.

नव्हता.

मीटरवर आकडा आला तर गॅस आहे, नाही आला तर नाही. आयुष्यभर एवढंच मानत आले.

माझ्या शेडमध्ये सरावासाठी जुन्या टँकरची एक टाकी आडवी ठेवलेली आहे. पुढच्या टोकाला माणूस वाकून शिरेल एवढं तोंड. मागचं टोक भिंतीला टेकलेलं. आत पाच-सहा पावलं अंधार, बाकी काही नाही.

एकजण कमरेच्या पट्ट्याला दोराची कडी अडकवून आत जातो. दुसरा दोर धरून तोंडाशी उभा राहतो. त्याला आम्ही 'बाहेरचा माणूस' म्हणतो. आत तोंडावर मास्क असतो, बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून दोरानं बोलायचं.

एक झटका म्हणजे, मी ठीक आहे.

दोन झटके म्हणजे, दोर सोड, मी पुढे जातोय.

तीन झटके म्हणजे, मला बाहेर ओढ.

आणि सगळ्यात मोठा नियम. काय वाट्टेल ते होऊ दे, बाहेरच्या माणसानं आत जायचं नाही. ओढायचं, ओरडायचं, मदत बोलवायची, पण आत पाय टाकायचा नाही. ज्या गॅसनं पहिला पडला, तोच गॅस दुसऱ्याला पाडतो. मग एका घरातून दोन तिरड्या निघतात.

विठू हा नियम माझ्याकडेच शिकला होता. तो आणि त्याचा धाकटा भाऊ आदेश, दोघं एकाच बॅचला होते. खांब गावाच्या बाजूच्या खेड्यातले. घरी भातशेती, थंडीत वाल, आणि दोघं भाऊ कंत्राटी कामाला एका कंपनीत. नाव सांगत नाही, उगाच नोटीस नको. आदेश फार चेष्टेखोर. टाकीत शिरला की मुद्दाम तीन झटके द्यायचा आणि विठूनं घाबरून ओढलं की हसत बाहेर यायचा. मी दोनदा कान पिळलाय त्याचा.

ते ट्रेनिंग झालं त्याच वर्षी, भाताची कापणी चालू असताना कंपनीत सांडपाण्याची टाकी साफ करायला आदेश आत उतरला. दोर विठूच्या हातात होता.

वरून मीटर ठीक दाखवत होतं, म्हणून मास्क न लावताच उतरला. खालचा गाळ हलवला आणि गॅस उठला.

तीन झटके आले.

विठूला आधी वाटलं, चेष्टा करतोय. पण क्षणभरच. लगेच त्यानं जीव खाऊन ओढलं.

दोर वर आला... रिकामा.

पट्ट्याची कडी जुनी होती. ती उघडली होती.

विठूनं भोंगा वाजवला. ओरडला. गुडघ्यावर बसून भावाला हाका मारत राहिला. पण आत गेला नाही. मास्कवाले येईपर्यंत आदेश गेला होता.

चौकशीत मी सांगितलं, विठू उतरला असता तर दोन मयत झाले असते. साहेबांनी माना डोलावल्या. पण गावाला कोण सांगणार? गाव म्हणालं, भाऊ आत मरत होता आणि हा वर उभा राहून बघत होता.

आणि आई... गिरजाबाई. तिनं विठूशी बोलणंच सोडलं. एका घरात राहायची. त्याच्यापुढे ताट सरकवायची, पण शब्द नाही. त्याच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायची नाही. जे मेलं ते एक लेकरू, पण तिनं दोन्ही गमावली होती. मला ते बघवायचं नाही.

आता त्या शुक्रवारचं सांगते.

कंपनीनं विठूला उजळणीच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. खूप खराब झाला होता तो. गालफडं बसलेली. दोर धरायची पाळी आली तर म्हणाला, "मॅडम, मना नको. दुसऱ्या कुणाला द्या."

मी जबरदस्ती केली नाही. रितेश नावाच्या पोरानं सराव संपवला, दोर आतच सोडला आणि सगळे चहाला गेले. शुक्रवारी मी लवकर आवरते, शनिवारी आमचा शब्बाथ, प्रार्थनेचा आणि विश्रांतीचा वार, शेड बंद. म्हणून मी मास्क पुसत होते. विठू दोर गुंडाळायला लागला.

तो एकदम थांबला.

"मॅडम... आत कोन हाय?"

"कुणी नाही. सगळे चहाला गेलेत."

"आत कोनतरी हाय."

त्याच्या हातातला दोर ताणलेला होता. माझ्या डोळ्यांसमोर त्याला हिसका बसला.

एक झटका.

मला वाटलं, पोरांची मस्ती. मी तरातरा गेले, टॉर्च आत मारला. "निघ बाहेर, गाढवा!"

आत कुणी नव्हतं.

दोराच्या टोकाची कडी तळाला नुसती पडली होती.

शेजारची खरखर थांबली होती. हायवेच्या गाड्यासुद्धा ऐकू येईनात. आणि मग तो वास आला... कुजक्या अंड्यांचा. ज्या गॅसनं आदेश गेला, त्याचा.

मी मीटर आत धरलं. शून्य. नाकाला वास, मीटरला काही नाही. या कामाला लागल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

मी विठूच्या हातातून दोर घेतला.

एक झटका. हळूच. कुणी लहान मुलानं पदर ओढावा तसा.

मी ठीक आहे.

विठू जमिनीवर बसला आणि तोंडात शर्टाची बाही कोंबून रडायला लागला. मग म्हणाला, "मॅडम, आयेला आनाया पायजे. माझ्याबरोबर ती येवाची नाय. तुमी सांगा."

शनिवार मी घरात बसून काढला. प्रार्थनेत लक्ष लागेना. रविवारी निघताना दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, आमच्या प्रार्थनेच्या डबीला, हात लावला, बोटं ओठांना लावली. चार पावलं गेले, परत आले आणि पुन्हा हात लावला. कोण काय म्हणायचं ते म्हणो.

गिरजाबाई अंगणात वालाच्या शेंगा निवडत होती. मी कसंबसं सांगितलं. वाटलं, हाकलून देईल. तिनं सगळं ऐकून घेतलं, उठली, आत गेली आणि हातात एक स्टीलचा डबा घेऊन आली.

"त्या दिशी कंपनीतून त्याचा डबा भरलेलाच परत आला व्हता," ती म्हणाली. "उपाशी गेला माझा पोर."

माझ्या गाडीत विठू पुढे बसला, ती मागे. नागोठणं गेलं, कासू गेलं, पेण आलं. मायलेकांत एक शब्द नाही. गाडीभर वालाच्या बिरड्याचा वास.

शेडचं कुलूप उघडलं. मी टाकी आतून तपासली. रिकामी. मीटर लावलं. शून्य. दोराची कडी आत टाकली आणि दुसरं टोक गिरजाबाईच्या हातात दिलं.

ती उभी राहिली. डबा पायाशी.

काहीच नाही.

उन्हाची तिरीप सरकत टाकीच्या तोंडापर्यंत आली. मला लाज वाटायला लागली. या बाईची आपण काय थट्टा मांडली?

मग ती स्वतःच बोलली. अगदी रोजच्यासारखं.

"आदेश... बाला... जेवाचा हाय ना रं?"

दोर हलला.

एक झटका.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही. तिनं दोर छातीशी धरला. "हाय! माझा पोर हाय!"

वास आला. परवापेक्षा उग्र. घशात कडवट लागणारा.

आणि मग वास एकदम... गेला.

मी पोरांना पहिल्या दिवशी शिकवते, या गॅसचा वास येतोय तोवर पळायला वेळ आहे. वास अचानक थांबला तर गॅस गेलेला नसतो, तुमचं नाक मेलेलं असतं.

दोन दिवस गप्प असलेलं मीटर माझ्या हातात किंचाळायला लागलं.

"मागे व्हा!" मी ओरडले.

पण गिरजाबाईनं अर्धं अंग टाकीत घातलं होतं. "आलं रं बाला, मी आलं..."

विठूनं झेप घेतली. तिच्या कमरेला मिठी मारली आणि मागे खेचलं. ती त्याला ओरबाडत होती, बुक्के मारत होती. "सोड मना! माझा पोर आत हाय! सोड!"

"आत जायाचा नाय, आये! आत गेलीस तर तू पन जाशील! नाय सोडनार!" तो रडत ओरडत होता. "त्या दिशी मना पन असाच जायाचा व्हता गो! पाय टाकलेला मी! मॅडमचा शब्द आठवला... तुझा तोंड आठवला... दोघं गेलो तर तुला कोन?"

ती थांबली.

मान वळवून तिनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या गालावर तिच्या नखांचे ओरखडे होते, त्यातून रक्त ओघळत होतं.

तेवढ्यात तिच्या हातातला दोर हलला.

एक.

दोन.

मग शांत.

"काय म्हनतो?" तिनं विचारलं. मला नाही. विठूला. आदेश गेल्यापासून तिनं त्याला विचारलेली पहिली गोष्ट.

विठू दोराकडेच बघत राहिला.

"सांग रं. काय म्हनतो तो?"

"दोर सोड म्हनतोय, आये. तो... पुढं जातोय."

तिनं किती वेळ दोर धरून ठेवला, मला सांगता येणार नाही. मीटर ओरडतच होतं. मग तिनं एक-एक बोट उघडलं.

दोर सळसळत आत जायला लागला.

टाकी पाच-सहा पावलांची. दोर शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरेल एवढा. त्याचं वेटोळं आमच्या पायाशी होतं. ते सुटत गेलं, सुटत गेलं... घाई नाही, चालत्या माणसाच्या वेगानं. शेवटचं टोक उंबऱ्यावरून जावं तसं टाकीच्या कडेवरून आत गेलं.

मीटर गप्प झालं. शेजारी कुणीतरी मूर्ती घासत होतं, ते पुन्हा ऐकू आलं.

मी टॉर्च मारला.

टाकी रिकामी होती. कडी नाही. दोरही नाही.

गिरजाबाई खाली बसली. डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडला, बिरड्यात बुडवला आणि विठूच्या तोंडापुढे धरला.

"खा," ती म्हणाली. "तू पन त्या दिशीपासून उपाशीच हायस."

तो खात होता आणि रडत होता. ती त्याच्या गालावरचं रक्त पदरानं पुसत होती. मी शेडच्या बाहेर जाऊन उभी राहिले. मलाही रडायचं होतं.

आता ते दोघं बोलतात. परवाच विठूचा फोन आला होता, वाल तयार झालेत, शेंगा मडक्यात भाजून पोपटी लावू, या म्हणाला. पाठीमागून गिरजाबाई ओरडत होती, "मॅडमना सांग, घरीच जेवाचा हाय."

मीटर मी दुरुस्तीवाल्याकडे दिलं. काहीच बिघाड नाही म्हणाला. फक्त त्यात सगळ्यात मोठा आलेला आकडा साठून राहतो, तो बघून त्यानं मला विचारलं, तिथे कुणी होतं का? मी नाही म्हणाले. खरं सांगितलं असतं तर त्यानं मला वेडी म्हटलं असतं. त्या आकड्याला माणूस उभा राहत नाही. आम्ही तिघं उभे होतो.

नवीन दोर आणलाय. ट्रेनिंग चालू आहे. पण दोन झटक्यांचा अर्थ सांगायची वेळ आली की माझी मान आपोआप वळते. मी टाकीच्या मागच्या टोकाकडे बघते. तिथे पत्रा आहे, आणि पत्र्यामागे विटांची भिंत.

पुढे जातोय म्हणाला तो.

पण त्या टाकीत पुढे जायला जागाच नाही हो... कुठे गेलं असेल ते पोर?