दादाने धरलेला सूर

वहिनीला माझ्या घरी घेऊन यायचं, एवढंच काम होतं. दादाला जाऊन महिना होत आला होता आणि ती त्याच्या खोलीतून हलायला तयार नव्हती. धड जेवण नाही, झोप नाही. डॉक्टर म्हणाले, हिला आता इथून न्या, नाहीतर हीसुद्धा अंथरूण धरेल. माझं कीबोर्ड-ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. ते दुपारीच बंद करून मी निघाले.

दार उघडताच तो सूर ऐकू आला. बारीक, सरळ, न थांबणारा. खोलीत औषधांचा आणि तापलेल्या धुळीचा वास कोंडला होता. पलंगाशेजारी दादाचा मॉड्युलर सिंथ, विजेवर सूर काढणारं त्याचं वाद्य, चालूच होता. फळीवर बसवलेले छोटे छोटे डबे आणि त्यांना जोडणाऱ्या रंगीत वायरींचा गुंता.

"हा बंद का नाही केलास?"

"त्यात त्याचा श्वास आहे," वहिनी म्हणाली. "शेवटचा."

तुला समजेल असं सांगते. त्या डब्यांत एक असतो, सॅम्पल अँड होल्ड. त्याला एकीकडून सतत हलणारं काहीतरी द्यायचं आणि दुसरीकडून इशारा. इशारा मिळाला की त्या क्षणी आत जे येत असेल तेवढंच तो उचलतो आणि पुढच्या इशाऱ्यापर्यंत धरून बसतो. त्यावरून सूर ठरतो. आत काहीच येत नसेल तर तो शून्य उचलतो. दादाने आजारपणात त्याला छातीचा पट्टा जोडला होता. श्वासागणिक पट्टा ताणला जायचा, आणि इशाऱ्याचं बटण त्याच्या मुठीत. एक दाब, एक सूर. "फुफ्फुसं बाकी कशाच्या कामाची नाहीत, निदान गाऊ तरी देत," म्हणायचा.

पण धरलेलं टिकत नाही. तो डबा भोक पडलेल्या मडक्यासारखा गळतो. थोड्या वेळात सूर खाली घसरायलाच हवा.

"तू बटण दाबतेस ना मधूनमधून?"

"बोटसुद्धा लावलं नाही गं."

मी बटणाची वायर उपटली, मोबाइलवर सूर मोजायचं ॲप लावलं आणि बसून राहिले. चहा झाला, कप धुऊन झाले. काटा केसभरही हलला नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. दादाची, धरलेलं न सोडायची, तर मेल्यावरही गेली नव्हती. मला त्याचा राग आला, आणि रडूही.

"बंद केलास तर तो..." वहिनीने माझा हात धरला.

"बंद नाही करत. बदलते."

इथे मी कारागिराची अक्कल चालवली. धरलेलं पुसायचं तर नवं द्यायचं, साधी गोष्ट. वायर परत खोचली, पट्टा स्वतःच्या छातीला बांधला, भरून श्वास घेतला आणि बटण दाबलं.

सूर थोडा वर चढला आणि स्थिर झाला. वहिनी कितीतरी वेळ ऐकत राहिली.

"हा तो नाही," ती म्हणाली, आणि उठून कपाटातले कपडे काढायला लागली.

मला हायसं वाटलं. मी पट्टा सोडला, वीज बंद केली, सगळ्या वायरी काढल्या. खोली गप्प झाली. पट्टा आणि बटण तेवढे आठवण म्हणून पर्समध्ये टाकले.

गाडीत वहिनी खिडकीबाहेर बघत होती. मग तिची नजर माझ्याकडे वळली आणि तिथेच थांबली.

"छोटे... गाडी बाजूला घे."

"का?"

"तू कधीची श्वासच घेत नाहीयेस..."

मी छातीवर हात ठेवला. छाती भरलेली होती, आणि तशीच थांबलेली. दुखत नव्हतं, गुदमरतही नव्हतं.

त्यालाही आता बरेच दिवस झाले. वहिनी इथे नीट जेवते, झोपते. मधूनच माझ्या नाकाशी हात धरून बघते आणि कामाला लागते. तूही मघापासून तेच बघतोयस, कळतंय मला. बघ हवं तर. पण टेबलावरून उचललेलं ते बटण खाली ठेव. गंमत म्हणूनही दाबू नकोस... पट्टा आता कुणाच्याच छातीला बांधलेला नाही.