पहिल्या एका जीबीचा वेग

ती दुकानात शिरली तीच मुळी चुकून. जायचं होतं शेजारच्या चष्म्यांच्या दुकानात, आणि ढकलला कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानाचा दरवाजा. चूक लक्षात आल्यावर ती स्वतःशीच हसली.

"आलेच आहे तर... शूटिंग साठवायला एक चांगली एसएसडी डिस्क दाखवा. नाटकाचं शूटिंग मी थेट तिच्यावरच घेते."

टेस्टिंगच्या टेबलामागचा तो चक्क उठून उभा राहिला. एरवी हे महाशय गिऱ्हाइकासाठी मानसुद्धा वर करत नसत!

शूटिंगवाल्यांना डिस्क देताना ती आधी काठोकाठ भरून बघायची, हा नियम त्यानेच दुकानाला घालून दिला होता. पण त्याला लागणार पाऊण तास, आणि शेवटी येणारा वेगाचा आकडा काही रुबाबदार नसतो. त्याने फक्त एक जीबी लिहून पाहिला. स्क्रीनवर आलं, सेकंदाला एक हजार एमबी.

"बाप रे," ती म्हणाली, आणि आकड्याकडे न बघता त्याच्याकडे बघितलं. "शेवटपर्यंत असाच चालेल ना?"

"अगदी शेवटपर्यंत."

शब्द तोंडातून गेला आणि त्याचे कान तापले. तरी तो गप्प बसला, कारण ती अजून बघत होती.

मग ती येतच राहिली. कधी केबल हवी, कधी केबलचं टोक हलतंय. एकदा तर काहीच नको होतं. "काय स्पीडवाले," ती म्हणायची, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आवडायचंही तितकंच, ही खरी पंचाईत.

चौथ्या आठवड्यात ती आली ती डोळे सुजवून.

"बाबांचा शेवटचा प्रयोग होता. चाळीस वर्षं काम केलं त्यांनी... पहिला अंक छान आलाय. दुसऱ्यात चित्र अडखळतं, मधले तुकडेच नाहीत. माझंच काहीतरी चुकलं. दादा म्हणतो, यापुढे कॅमेरा दुसऱ्याकडे देऊ."

"डिस्क तपासलीत?"

"ती कशाला? तिचा वेग मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. तुम्ही दाखवलात ना."

त्याला तिथल्या तिथे टेबलाखाली शिरावंसं वाटलं. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. ती उद्याही आली असती, पुन्हा स्पीडवाले म्हणाली असती. आणि नाटकवाल्यांकडे कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या हातात असता.

"चूक तुमची नाही, माझी आहे," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "या डिस्कचा थोडासाच भाग चपळ असतो. येईल ते आधी तिथे जातं. तो भरला की थेट संथ भागावर लिहावं लागतं, आणि वेग हजारावरून ऐंशीवर येतो. कॅमेरा त्याहून भराभर पाठवतो, म्हणून मधले तुकडे गळतात. मी एकच जीबी लिहिला. तेवढा त्या चपळ भागातच मावतो. तुमचा पहिला अंकही मावला असणार."

"तुम्हाला हे तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"मग... का?"

"तुम्ही बघत होतात."

तिने पर्स उचलली, दारापर्यंत गेली, आणि पाठमोरीच म्हणाली, "हे दादाला सांगाल?"

"आत्ता येतो."

तालमीच्या हॉलमध्ये दहा-बारा माणसं होती. त्या सगळ्यांसमोर त्याने पहिल्यापासून सांगितलं, फुशारकीपायी खोटं बोललो हेही सांगितलं. दादाचा चेहरा लालबुंद झाला. कोपऱ्यातल्या खुर्चीतून बाबा तेवढे म्हणाले, "म्हणजे पोरीचं काही चुकलं नव्हतं." दादाने बहिणीकडे बघितलं, खाली बघितलं आणि पुटपुटला, "कॅमेरा तुझाच. मी जरा जास्तच बोललो." दुसरा अंक मात्र गेला तो गेलाच. तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं.

तो जिना उतरला तेव्हा मागून तिची पावलं आली.

"मी अजून रागावलेय."

"रागवायलाच हवं."

"एवढ्या लोकांत कशाला सांगितलंत? एकट्या दादाला सांगितलं असतं तरी चाललं असतं."

त्याला पुन्हा मान खाली घालावीशी वाटली, पण त्याने घातली नाही. "तुम्ही मला आवडता म्हणून. त्या दिवशी हेच सांगायला हवं होतं... आकडा दाखवण्याऐवजी."

ती रस्त्याकडे बघत राहिली. मग ओठ दाबून म्हणाली, "किती आवडते?"

मोठं काहीतरी त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"अजून नीट मोजलेलं नाही," तो म्हणाला. "वेळ लागेल."

"लागू दे," ती म्हणाली, आणि त्याला बरोबर येता यावं इतक्या हळू चालू लागली.