अख्खं नख

पुढच्या खोलीत सुतार दाराच्या फळीला रंधा मारत होता आणि त्याची बायको शिलाई मशीनवर झग्याची दुमड घालत होती. आवाज रोजचेच. पण आज तिचा टाका सारखा वाकडा जात होता.

गेल्या आठवड्यात तो परांचीवरून पडला. डॉक्टरांनी मान हलवली, तोंडावर चादर ओढली. शवागारात मात्र हा उठून बसला आणि पाणी मागू लागला. गल्लीने आनंदाने घर डोक्यावर घेतलं. चर्चची घंटा वाजली. लेक तर त्याच्या मांडीवरून हलेना.

बायकोही हसली, रडली. मग जेवताना तिचं लक्ष त्याच्या अंगठ्याकडे गेलं.

त्याचं टोक लग्नाआधीच करवतीने नेलं होतं. आता तिथे अख्खं नख होतं. तान्ह्या बाळाचं असावं तसं, गुलाबी.

‘‘औषध लागू पडलं गं,’’ तो म्हणाला.

आंघोळीच्या वेळी तिने त्याची पाठ चोळली. भाजल्याचा जुना डाग नव्हता. गुडघ्यावरचा व्रण नव्हता. आठवत मात्र सगळं होतं त्याला. अगदी जुनी भांडणंसुद्धा.

शेवटी झगा तसाच टाकून ती चर्चमध्ये गेली. फादर बाकांवरची धूळ पुसत होते.

‘‘फादर, मेलेलं माणूस उठतं, म्हणजे नेमकं काय उठतं?’’

फादरांना प्रश्न आवडला. ‘‘सुरुवातीच्या विश्वासणाऱ्यांमध्ये यावरूनच वाद होते. काही म्हणत, नुसता आत्मा. पण शिकवण टिकली ती या देहाची. प्रभू उठला तो खिळ्यांच्या जखमांसकट. त्या पाहिल्या, तेव्हा कुठे संशयी शिष्याला पटलं, की हा तोच.’’

‘‘आणि जखमाच नसत्या तर?’’

फादर हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचं हसू विरलं. फडकं हातातच राहिलं.

‘‘लेक कुठे आहे?’’

‘‘घरी. त्याच्यापाशी.’’

‘‘जा,’’ ते म्हणाले. ‘‘आधी घरी जा.’’

ती धापा टाकत पोहोचली. सुतार शांतपणे भुसा झाडत होता. त्याने वर पाहिलं नाही.

लेक उंबऱ्यावर पाय हलवत बसली होती.

आईने तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. झोक्यावरून पडली तेव्हा हनुवटीला टाके पडले होते, त्यांचा व्रण राहिला होता. आईने तिथून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

‘‘बाबांनी पण असाच हात फिरवला,’’ लेक म्हणाली. ‘‘मुळीच दुखलं नाही.’’