सहभागीने माघार घेतली

माझी आणि त्याची गाठ घालून दिली ती संगणकाने. पीएचडीच्या ऑनलाइन वर्गाचा पहिलाच दिवस. बाईंनी सगळ्यांच्या जोड्या पाडायला सांगितल्या, संगणकाने पत्ते पिसावेत तशी नावं पिसली आणि मला पडद्यावरच्या एका छोट्याशा खोलीत नेऊन टाकलं. समोर एक अनोळखी माणूस. विस्कटलेले केस, मागे खिडकी, आणि खिडकीच्या गजावर वाळत घातलेला टॉवेल.

मी आधीच वैतागले होते. मी शाळेत गणित शिकवते. शिक्षणशास्त्रात पीएचडी करायची म्हणजे ढीगभर मुलांचे गुण गोळा करायचे, सरासरी काढायची आणि मोकळं व्हायचं, असा माझा सरळ हिशोब. आणि इथे गुणात्मक संशोधन नावाचा विषय सक्तीचा! आकडे बाजूला ठेवा, माणसांशी बोला, त्यांच्या बोलण्यातून अर्थ शोधा. त्या बिचाऱ्यापुढे मी सगळी भडास काढली. तो अगदी मन लावून माझ्याकडे बघत होता.

"झालं?" त्याने विचारलं.

मी मान हलवली.

"तुमचा माइक बंद आहे."

मी जीभ चावली. मनात म्हटलं, चला, वाचले...

"पण 'नुसत्या गप्पा' आणि 'वेळेची माती' एवढं कळलं," तो म्हणाला. "बाईंबद्दलही काहीतरी होतं. ते मी पाहिलंच नाही असं समजू."

तो कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवत होता. ओठांकडे बघून बोलणं ओळखायची त्याला सवयच झालेली. वर्गात सगळे त्याला मास्तर म्हणायचे. आणि मला तो त्या दिवसापासून 'गणित' म्हणायला लागला. "काय गणित, आज माइक चालू आहे ना?" — तास सुरू व्हायच्या आत हे ठरलेलं. मी नाक मुरडायचे. पण तास सुरू व्हायच्या बऱ्याच आधी येऊन बसायला लागले होते, हे खरं.

बाईंनी जोडीतल्या प्रत्येकाला दुसऱ्याची मुलाखत घ्यायला लावली. ज्याची मुलाखत घ्यायची तो 'सहभागी'. माझा सहभागी मास्तर. मी झकास तयारी केली, धडाधड प्रश्न विचारले आणि खुशीत मुलाखत बाईंकडे पाठवली. बाईंचा आवाज मऊ, पण कान पिळायच्या ते दुखेपर्यंत.

"ही मुलाखत नक्की कोणाची?" त्यांनी भर वर्गात विचारलं. "प्रश्नही तुमचे, उत्तरंही तुमचीच. 'मुलांची दया आली म्हणून तुम्ही ही शाळा निवडलीत, हो ना?' आता यावर सहभागी काय म्हणणार? म्हणाला बिचारा, 'तसंच काहीसं.' तुम्हाला उत्तर आधीच ठाऊक असेल तर विचारता कशाला?"

सगळे हसले. मला तोंडात मारल्यासारखं झालं. संध्याकाळी मी त्याला फोन लावला.

"दया आली होती?"

"नाही."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतक्या खात्रीने विचारत होतात... मला वाटलं, मलाच माहीत नसेल."

असा राग आला म्हणता! आणि हसूही.

दुसऱ्या मुलाखतीला मी अक्षरशः हाताची घडी घालून बसले. एवढंच विचारलं, "तुम्ही या शाळेत कसे आलात?" तो गप्प. मीही गप्प. मधली शांतता मला खायला उठली होती, जिभेवर तयार उत्तरं नाचत होती. तरी ओठ घट्ट मिटून बसले. त्याने खिडकीबाहेर पाहिलं, कपातला चहा संपवला, आणि मग बोलायला लागला.

त्याची धाकटी बहीण जन्मापासून ऐकू न येणारी. घरात माणसं मायाळू, तिचे लाड पुष्कळ. पण जेवताना सगळे हसले की ती विचारायची, काय झालं? आणि जो तो म्हणायचा, 'नंतर सांगतो.' "मीसुद्धा," तो म्हणाला. "नंतर कुणीच सांगायचं नाही. एक दिवस तिने विचारणंच सोडलं. ते मला फार लागलं." बोलता बोलता त्याची बोटंही हलत होती, जणू तेच सगळं शेजारी कुणाला तरी सांगत होती.

दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेत, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, हे परत सांगाल?" आणि मी सवयीने म्हणाले, "नंतर सांगते." खडू हातातच राहिला. इतकी वर्षं हे किती जणांना म्हणत आले असेन, कोण जाणे. मी तिच्याजवळ जाऊन बसले. उदाहरण तसं सोपंच होतं, तिला एकच पायरी कळली नव्हती. त्याच आठवड्यात मी सरासरीचा विषय सोडून दिला. ज्यांना सगळे 'नंतर' म्हणतात, त्या मुलांवर पीएचडी करायची ठरवली. बाई पहिल्यांदाच मनापासून 'छान' म्हणाल्या. माझा सगळा आराखडा मास्तरच्या त्या एका मुलाखतीवर उभा होता, आणि तो लवकरच विद्यापीठाच्या समितीपुढे मांडायचा होता.

मुलाखत शब्दन् शब्द टाइप करायची असते. थांबला तर 'थांबतो', हसला तर 'हसतो' असं लिहायचं. आता 'हसतो' लिहायला एकदा ऐकणं पुरतं. मी ते मागे नेऊन नेऊन ऐकत होते. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "हल्ली अभ्यासाला फार हसू येतं गं तुझ्या." मी ऐकूच न आल्यासारखं दाखवलं, पण गाल तापले होते. प्रेमात पडले होते मी, दुसरं काय.

आणि मग तो तास आला. बाई म्हणाल्या, "आराखड्यात पहिल्याच पानावर लिहा, सहभागीशी तुमचं नातं काय. जवळचं माणूस असेल तर ती मुलाखत वापरता येणार नाही. तुमचं काय, गणितवाल्या बाई?"

खरं सांगावं तर सगळं काम पाण्यात. "सहाध्यायी," मी घाईने म्हणाले. "फक्त सहाध्यायी." पडद्यावर मास्तर मान खाली घालून काहीतरी शोधत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला. "तुमच्या सहभागीने माघार घेतलीय. तो त्याचा हक्क आहे, कारण द्यायचं बंधन नाही. त्याचं एक वाक्यही आता वापरता येणार नाही."

मी शिक्षकांच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिले. आराखडा गेला त्याचं दुःख होतंच. पण त्याला आपल्याशी काही देणंघेणंच ठेवायचं नाही, हे जास्त बोचत होतं. शाळा सुटल्यावर मैदानाच्या कडेला उभं राहून मी फोन केला.

"काय चुकलं माझं?"

"कारण द्यायचं बंधन नाही, गणित. नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात. माझं सगळं काम त्या मुलाखतीवर उभं होतं."

"माहितीय. म्हणून तर जड गेलं. तुम्ही काल 'फक्त सहाध्यायी' म्हणालात... मला ते आवडलं नाही. तुमच्या अभ्यासात राहून काही बोललो असतो तर समितीपुढे गेलेलं तुमचं सगळं काम रद्द झालं असतं. आणि न बोलता राहणं काही मला जमेना. मग म्हटलं, आपणच बाहेर पडावं."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"ऐकताय ना? बहिणीलाही हे सगळं सांगितलं. तिने मलाच फैलावर घेतलं — 'माझी गोष्ट तू कशाला सांगत फिरतोस?' तिच्या मैत्रिणी आहेत, वेगवेगळ्या शाळांत शिकलेल्या. त्या तुमच्याशी बोलायला तयार आहेत. खुणांच्या भाषेची दुभाषीही तिनेच शोधलीय. मी त्यात कुठेच नसेन. बाईंनाही विचारलं, त्या म्हणाल्या चालेल."

"म्हणजे सगळं ठरवूनच मोकळे झालात."

"सगळं नाही. एक तुझ्यावर आहे."

त्याचं त्यालाच कळलं, तो 'तू' म्हणाला ते. मैदानावर मुलं चेंडूमागे धावत होती आणि माझं काळीज त्यांच्याहून जोरात.

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. "पहिल्या पानावर लिहायला धीर झाला नाही, एवढंच."

तो अगदी हळू म्हणाला, "भेटायला येऊ? रविवारी?"

"रविवार लांब आहे. शनिवारी ये, माझी शाळा अर्धीच असते."

"माझी पूर्ण असते."

"मग रजा टाक."

"टाकली," तो म्हणाला.