न फुटणारी हेमलता

हेमलताचे नाक सकाळपर्यंत पुन्हा उगवले होते.

आदल्या दिवशी भर दुपारी नदीपेठेतला जमाव घण आणि पहारी घेऊन तळसंगीच्या स्टँडचौकात घुसला होता. पोलिसांची गाडी येईपर्यंत पुतळ्याचे नाक, हनुवटी आणि उजव्या हाताची बोटे चौथऱ्यावर विखुरली होती. तुटल्या तुटल्या त्या जागा ओलावल्या. संध्याकाळी दुधावर धरावी तशी त्यांच्यावर पांढरी साय धरली. साय फुगली, घट्ट झाली, करडी पडली. आता सकाळच्या उन्हात हेमलता जशीच्या तशी उभी होती. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात धरणाच्या दरवाज्याच्या चाकावर, मान किंचित वळवलेली.

तळेपेठेतल्या तरुणांनी तिच्या पायाशी फटाक्यांची माळ लावली आणि नदीपेठेकडे तोंड करून ते ओरडले, "आहे का अजून कुणात दम? मरत नाही आमची हेमाताई!"

चौकातून ॲम्ब्युलन्स नेताना केतकीने ते ऐकले आणि काच वर केली. पुतळा तिच्या आईचा होता.

तळसंगी हे धरणाच्या दोन अंगांना वसलेले गाव. वर तलावाच्या काठाने तळेपेठ, खाली भिंतीपलीकडे नदीपेठ. केतकी सात वर्षांची असताना मोठा पूर आला. तलाव तुंबला आणि पाणी तळेपेठेतल्या घरांत चढू लागले. दरवाजे उघडावेत तर नदीपेठ बुडणार होती. बंद ठेवावेत तर तळेपेठ. हेमलता देवकर धरणावर दरवाजे चालवण्याच्या कामावर होती. वरून हुकूम येईना. तिने भोंगा वाजवला, लोकांना पळायला जमेल तेवढा वेळ दिला आणि चाक फिरवले. तळेपेठ वाचली. नदीपेठेतली चाळीसएक माणसे वाहून गेली. पाणी ओसरल्यावर नदीपेठेच्या लोकांनी हेमलताला धरणाच्या भिंतीवरच गाठले आणि पहारींनी ठेचून मारले.

तळेपेठेने चौकात तिचा पुतळा उभारला. नदीपेठेने तो फोडला. तळेपेठेने नवा आणला. तोही फुटला. दरवर्षी तिच्या स्मृतिदिनाच्या आसपास हे व्हायचे. मग बंद, टायरांची जाळपोळ, दगडफेक, दोन्हीकडची दहा-वीस डोकी फुटायची. शाळेला जाताना केतकीला कितीदा तरी आईचे मुंडके गटाराच्या कडेला पडलेले दिसले होते.

त्यामुळे डॉ. निरंजना कानविंदे जेव्हा तळसंगीत आल्या, तेव्हा त्यांचे म्हणणे सगळ्यांत आधी पटले ते विशीतल्या केतकीला. डॉ. कानविंदे शहरातल्या एका संशोधन संस्थेत काम करत. त्यांनी तयार केलेल्या पदार्थाला त्या 'सजीवशिला' म्हणत.

"म्हणजे दगड जिवंत असतो?" केतकीने विचारले होते.

"दगड नाही, दगडाच्या आत राहणारे जिवंत असतात," डॉ. कानविंदे म्हणाल्या. "गोगलगाय स्वतःचा शंख स्वतः बनवते ना? चुना आणि पाणी मिळालं की तसंच घट्ट कवच बनवणारे जीवाणू असतात. या दगडात ते कोट्यवधींच्या संख्येनं झोपलेले आहेत. दगड फुटला, आत हवा शिरली की ते जागे होतात. चौथऱ्याच्या पोटात चुन्याच्या पाण्याची टाकी असेल. ते तिथून पाणी ओढतील आणि भेग भरून काढतील."

"पण त्यांना नाक कसं कळणार? नुसता गोळा नाही का व्हायचा?"

"पालीची शेपटी तुटली तर तिथे शेपटीच येते, पाय येत नाही. पेशींना आपली जागा माहीत असते. हे जीवाणूही शेजाऱ्याशी रासायनिक खुणांनी बोलत असतात. आपण हनुवटीपाशी आहोत की कानापाशी, हे प्रत्येकाला कळत असतं. काम संपलं की पुन्हा झोपतात."

केतकीने त्याच दिवशी संमती दिली. फुटत नाही म्हटल्यावर लोक फोडायला येणे सोडतील, असे तिला वाटले. डॉ. कानविंदेंनाही तसेच वाटले होते.

लोक येत राहिले. पहिली दोन वर्षे घण घेऊन आले. तिसऱ्या वर्षी ॲसिड आणले, चौथ्या वर्षी खाणीतल्या जिलेटिनच्या कांड्या. त्या स्फोटात हेमलता कमरेपासून उडाली आणि स्टँडवर बसची वाट पाहणारी एक गरोदर बाई मेली. हेमलता आठवडाभरात परत आली. तळेपेठेने मिरवणूक काढली.

त्यानंतरच्या स्मृतिदिनाला जमाव आला, पण पुतळ्याकडे कोणी पाहिलेही नाही. सदोबा लोंढे नावाचा तळेपेठेतला म्हातारा रोज पुतळा धुवायचा, हार घालायचा. चौघांनी त्याला धरले, त्याचा उजवा हात मनगटापर्यंत चौथऱ्यावर दाबला, आणि पाचव्याने घण घातला. एकदा नव्हे, बोटे ओळखू येईनाशी होईपर्यंत.

"बघू आता, हा उगवतो का!" तो म्हणाला.

सदोबाला केतकीनेच उचलले. दवाखान्याच्या वाटेवर तो एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारत होता, "पोरी, हात आणलास का माझा?" तिने हात आणला नव्हता. आणण्यासारखे काही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तळेपेठेच्या टोळक्याने नदीपेठेतल्या दोघा भावांना त्यांच्या रिक्षात कोंडून रिक्षा पेटवली. त्यांना बाहेर काढताना केतकीचे तळहात भाजले. धाकट्याची कातडी तिच्या हाताला चिकटून आली. मग नदीपेठेने शाळेच्या बसमधून एका शिक्षिकेला उतरवले. मग तळेपेठेने लग्नाच्या मांडवात शिरून नवऱ्या मुलाच्या बापाचा गळा चिरला. आता स्मृतिदिनाची वाट कोणी पाहत नव्हते. आणि चौकात हेमलता तशीच उभी होती, नाकीडोळी नीटस, एक ओरखडा नसलेली.

एका सकाळी केतकी सरळ डॉ. कानविंदेंच्या प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिली.

"तिला मारा," ती म्हणाली.

"कोणाला?"

"आईला."

डॉ. कानविंदेंनी तिला बसायला सांगितले. ती बसली नाही.

"केतकी, मी दगड बनवला. माणसांचा राग मी बनवलेला नाही."

"राग आधीपासून होताच, डॉक्टर. पण त्याला जायला जागा होती. लोक यायचे, नाक फोडायचे, आणि आपण काहीतरी करून आलो असं वाटून घरी जायचे. दुसऱ्या दिवशी फुटलेलं नाक अख्ख्या गावाला दिसायचं. आता काहीच दिसत नाही. इतकं मारून सकाळी ती हसऱ्या तोंडानं उभी! मग ज्याच्यावर खूण राहील असं काहीतरी ते शोधतात. माणसाच्या अंगावर खूण राहते."

"आणि पुतळा पुन्हा फुटायला लागला, तर हे थांबेल?"

"ठाऊक नाही. पण मला रोज माणसं उचलायची नाहीत. त्यापेक्षा मी वर्षातून एकदा आईचं डोकं उचलीन. मला सवय आहे त्याची."

डॉ. कानविंदे उठल्या. मग त्यांनी शीतकपाटातून एक कुपी काढली.

"हा भक्षक," त्या म्हणाल्या. "हा विषाणू आहे, पण माणसाला काही करत नाही. तो फक्त या जीवाणूंवर जगतो. आत शिरतो, आपल्यासारखे शेकडो तयार करतो आणि जीवाणूला फोडून बाहेर पडतो. पुतळ्यावर फवारला तर थोड्याच दिवसांत सजीवशिला साधा दगड होईल. मात्र एकदा सोडला की परत बोलावता येत नाही. तुझी आई फुटली की कायमची फुटली."

"ती एकदा फुटलीच आहे," केतकी म्हणाली.

दोघींनी दिवसाढवळ्या, पुतळा धुण्याच्या निमित्ताने, तो फवारला. बंदोबस्तावरच्या इन्स्पेक्टर वाकचौरेंनी उलट दोघींसाठी चहा मागवला. आईच्या चेहऱ्यावरून पाणी निथळत असताना केतकीने पदराच्या दगडी घडीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

स्मृतिदिनाला दुपारी दोन्ही बाजूंनी लोक जमले. तळेपेठेचे पुतळ्याला कडे करून उभे होते, नदीपेठेचे स्टँडच्या बाजूने सरकत होते. मध्ये वाकचौरेंची तीसएक माणसे, हातात ढाली. डॉ. कानविंदे ॲम्ब्युलन्समध्ये बसल्या होत्या. पहिला दगड पडला तसे केतकीने ॲम्ब्युलन्सचा भोंगा सुरू केला आणि गाडी हळूहळू दोन जमावांच्या मधोमध नेऊन थांबवली. ती उतरली. नदीपेठेच्या एका माणसासमोर जाऊन तिने हात पुढे केला.

"द्या तो घण इकडे."

तिला गावात सगळे ओळखत. कोणाकोणाची माणसे तिने दवाखान्यात पोचवली होती. त्याने घण दिला. तळेपेठेच्या लोकांनी ती आपली म्हणून तिला वाट दिली. ती चौथऱ्यावर चढली आणि कोणाला काही कळायच्या आत तिने घण उचलून आईच्या तोंडावर घातला.

नाक उडाले. दुसऱ्या घावाला हनुवटी उडाली. तिसऱ्याला कपाळापासून मानेपर्यंत भेग गेली.

केतकीने तुटलेल्या जागेवर तळहात घासला आणि तो उंच करून सगळ्यांना दाखवला. कोरडी भुकटी.

"बघा! ओल सुटत नाही. मेली ती!" ती ओरडली. "नदीपेठकरांनो, या, काय फोडायचं ते फोडा आणि घरी जा. तळेपेठकरांनो, तुम्ही बाजूला व्हा. उद्या नवी बसवा. परत फोडतील, परत बसवा. पण माणसाला हात लावू नका. माझी गाडी रिकामी..."

तिचे वाक्य पुरे झाले नाही. तळेपेठेच्या बाजूने एक दगड आला आणि तिच्या कानशिलावर बसला. तो पुतळ्याचाच तुकडा होता, हनुवटीचा. कोणी फेकला ते कधीच कळले नाही. "आईला मारलीस?" असा एक आवाज मात्र पुष्कळांनी ऐकला. केतकी चाकावरच्या दगडी हातांना धरायला गेली आणि खाली कोसळली.

डॉ. कानविंदे धावल्या. त्यांनी तिचे डोके मांडीवर घेतले आणि दोन्ही तळव्यांनी जखम दाबून धरली. बोटांच्या फटींतून रक्त येत राहिले. त्यांच्या आजूबाजूला माणसे एकमेकांवर तुटून पडत होती, कोणी कोणाच्या पोटात पहार खुपसली होती, कोणाला ओढत नेले जात होते. त्या मात्र हाताखालच्या जखमेकडेच पाहत राहिल्या. उभे आयुष्य त्यांनी भरून येणाऱ्या जखमांवर काम केले होते. ही भरली नाही.

संचारबंदी उठल्यावर नदीपेठेचे तिघेजण प्रयोगशाळेत आले. त्यांचा पुढारी विश्राम गायधनी, पुरात आई-बाप गमावलेला माणूस, अतिशय नम्रपणे बोलला.

"मॅडम, केतकीताईंचा पुतळा उभारायचाय. चौकात, त्यांच्या आईच्या समोर. त्या आमच्यासाठी गेल्या."

"ती सगळ्यांसाठी गेली," डॉ. कानविंदे म्हणाल्या. "दगड फुटावा आणि माणूस वाचावा म्हणून गेली. पुतळा हवा तर साध्या दगडाचा करा."

"साधा तळेपेठवाले फोडतील. त्यांना आता कोणी हात लावता कामा नये." गायधनीने खिशातून रुमालात बांधलेला एक तुकडा काढून टेबलावर ठेवला. तुकड्याच्या एका बाजूला काळपट डाग होता. दुसरी बाजू ओली होती आणि तिच्यावर पांढरी साय धरली होती. "त्यांना लागलेला दगड हाच. आम्ही चुन्याच्या पाण्यात ठेवला, तर वाढायला लागला. ह्याच्यातूनच ताईंना घडवायचं."

ते गेल्यावर डॉ. कानविंदेंनी त्या सायीचा कण काढून त्यावर भक्षकाचा थेंब सोडला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. विषाणू जीवाणूंना चिकटत नव्हते. काय झाले ते त्यांना उमगले. कोट्यवधींच्या वस्तीत एखादा जीव जन्मतःच वेगळा असतो. रोगाची साथ बाकीच्यांना मारते आणि पुढची सगळी वस्ती त्या एकाची होते. भक्षकाने हेमलतातले दुबळे जीवाणू संपवले होते. जे उरले होते, त्यांना मारणारे जगात आता काही नव्हते. तळेपेठेच्या लोकांनीही तुकडे गोळा करून नेले असणार, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

त्यांनी सरकारला कळवले, परवानगी देऊ नका म्हणून विनवले. पण चुना, पाणी आणि मूठभर दगड एवढ्यावर भागणारी गोष्ट कोणाच्या परवानगीसाठी थांबत नाही. पुढच्या स्मृतिदिनापर्यंत स्टँडचौकात मायलेकी समोरासमोर उभ्या राहिल्या. नदीपेठेच्या मूर्तिकाराने केतकीचा एक हात वर उचललेला दाखवला होता, तळवा उघडा.

त्या दिवशी डॉ. कानविंदे सकाळीच येऊन चौकात थांबल्या. दुपारी दोन्ही पेठांकडून गर्दी यायला लागली. केतकीच्या जागी आलेल्या नव्या चालकाने ॲम्ब्युलन्स रसवंतीच्या सावलीत लावली होती आणि तो तिची मागची दारे उघडत होता. वाकचौरे त्यांच्याजवळ आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"दोन्हीकडचे रस्ते तपासले, मॅडम. यंदा घण एकही सापडला नाही. पहारीसुद्धा नाहीत."

डॉ. कानविंदेंनी सुटकेचा श्वास सोडला. "मग चांगलंच की."

वाकचौरे गर्दीकडे पाहत होते. दोन्ही पेठांची माणसे पुतळ्यांकडे नजरही न टाकता त्यांच्या बाजूने पुढे सरकत होती, आणि पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात कोयता होता.