न पुसलेली ठकी

सई हर्डीकरनं पेटीतली पहिली बाहुली बाहेर काढली आणि तिच्या अंगावर शहारा आला. मग दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्या जणी टेबलावर ओळीनं बसल्या तेव्हा तिला त्यांच्याकडे पाठ फिरवून उभं राहावंसं वाटलं. एकीचा डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित खाली होता. दुसरीचं नाक एका अंगाला झुकलेलं. तिसरी हसत होती, पण ओठांचा एकच कोपरा वर गेला होता. रंगकाम मात्र नजर ठरणार नाही इतकं बारीक होतं, पापणीचा केस न् केस सुटा काढलेला. हातात एवढी कला असलेल्या माणसानं असले ओंगळ चेहरे का काढावेत, हे तिला कळेना.

"हलली," मागून डॉ. बेहेरे म्हणाले.

"काय हललं, सर?"

"तुझी पापणी. प्रत्येक बाहुलीला." त्यांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. आलेखाची रेघ ठिकठिकाणी उसळली होती. "सहज मोजून पाहिलं."

बेहेरे अंतराळ आरोग्य संस्थेच्या मुखबोध विभागाचे प्रमुख. समोर येईल त्याला मोजायची त्यांना खोडच होती. पाहुणे चहाला आले तरी ते कॅमेरा बंद करत नसत.

"उद्या समितीपुढे मला हे सोप्या भाषेत मांडायचंय," ते म्हणाले. "ऐक आणि चुकलो तर सांग. मेंदू आजवर पाहिलेल्या चेहऱ्यांभोवती एक रिंगण आखतो. आपण त्याला मुखरिंगण म्हणतो. नवा चेहरा रिंगणाच्या आत असला की तो माणसाचा वाटतो. बाहेर असला की पापणी हलते, विचार करायच्या आत. ती हालचाल कोणाला थोपवता येत नाही."

"आणि रिंगण कायमचं नसतं," सई म्हणाली. "जसे चेहरे रोज पाहू, तसं ते सरकतं, फुगतं, आकसतं. त्याला काही महिने पुरतात."

"बरोबर. आता हे यशोधन कारखानीस. आठ वर्षं सेरेस लघुग्रहावरच्या खाणतळावर. सोबत तीस-चाळीस माणसं, नाममात्र गुरुत्वाकर्षणानं सगळ्यांची तोंडं सुजलेली. रिंगण सरकणारच. तिकडे विरंगुळा म्हणून ते बाहुल्यांचे चेहरे बदलायचे, आणि या बाहुल्या म्हणजे आपल्याला मिळालेला आयता पुरावा. अशा माणसाला घरी सोडलं तर बायकोचं तोंड पाहून त्याला शिसारी येईल. त्यापेक्षा सहा महिने विलगीकरण बरं."

"पण सर, आठवडा झाला. आपल्यापैकी कोणाला पाहून त्यांची पापणी एकदाही हललेली नाही."

"यंत्र बिघडलं असेल."

"माझ्या वेळी चांगलं चालू होतं की!"

बेहेरे हसले. "तूच जाऊन बघ मग. आजचं आजच काय ते ठरव. उद्या तू नाहीस ना?"

सई नव्हती. उद्या तिच्या मुलीची, अबोलीची शस्त्रक्रिया होती.

अबोलीला मुखविषमता होती, तिसऱ्या पायरीची. हा रोग हल्ली घरोघर झाला होता. कोणी पाण्याला दोष देई, कोणी हवेला. लोक तसे सुखात होते, कारण दिवसभर सगळ्यांच्या डोळ्यांत रूपपटल असायचं. नखाएवढा पातळ पडदा. समोर जिवंत चेहरा आला की हा पडदा त्याच्यावरचे डाग, थकवा, वाकडेपणा पुसून तो नीटनेटका करून दाखवायचा. निर्जीव वस्तूंना तो हात लावत नसे. आधी ती श्रीमंतांची चैन होती, पुढे चष्म्यासारखी सगळ्यांची झाली. एकच अडचण होती. संध्याकाळपर्यंत डोळे कोरडे पडत आणि पटल काढावं लागे. मग घराघरांत दिवे मंद होत आणि माणसं एकमेकांच्या तोंडाकडे न बघता जेवत.

सईचा लेकीवर जीव होता, यात तिळमात्र शंका नाही. तरी रात्री जेवताना ती अबोलीच्या ताटाकडे बघत बोलायची. स्वतःच्या या वागण्याची तिला लाज वाटायची, आणि लाज वाटली की ती आणखीच ताटाकडे बघायची. आता अबोली अठरा वर्षांची झाली होती आणि संमतिपत्रावर तिनं स्वतःच सही केली होती. जबडा कापून सरकवणार होते. काही जणांची त्यात शीर दुखावते आणि अर्धा चेहरा कायमचा बधिर होतो, मग हसता येत नाही. डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगितलं होतं. "मी तशीही फारशी हसत नाही," अबोली त्यांना म्हणाली होती. ते ऐकल्यापासून सईला धड झोप नव्हती.

यशोधन कारखानीस खिडकीपाशी बसले होते. पन्नाशीचा बुटका, रुंद माणूस. अशक्त पायांना अजून पट्टे बांधलेले होते, आणि डोळ्यांत पटल नव्हतं.

"या डॉक्टर! पोरी पाहिल्यात माझ्या? कशा आहेत?"

"काम फार बारीक आहे," सईनं वेळ मारून नेली. "हा छंद कसा लागला तुम्हाला?"

"बहिणीनं लावला. ती ठक्या जमवते. काचेच्या कपाटात मांडायच्या असतात ना, त्या महागातल्या ठक्या. मी निघालो तेव्हा तिनं सामानात खोकंभर कोंबल्या. म्हणाली, वेड लागायची पाळी आली की एकीचं तोंड पुस आणि नवं काढ. दुसऱ्या वर्षी आली पाळी." ते हसले. "बसा. सांगून कळायचं नाही, करून बघा."

सईच्या हे पथ्यावरच पडलं. त्यांची पापणी टिपणारा कॅमेरा चालू होता, आलेख भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होता. ती समोर बसली.

त्यांनी एक ठकी तिच्या हातात दिली आणि आधी तिचे केस प्लास्टिकच्या कागदात गुंडाळायला लावले. मग कापसाचा बोळा नेलपॉलिश काढायच्या द्रावणात बुडवून चेहऱ्यावरचा कारखान्यातला रंग पुसायचा. "घासू नका. आतून बाहेर न्या, नाहीतर ओठांचा लाल रंग गालभर होईल. झालाच बघा! असू दे. पहिली बिघडतेच. माझी पहिली तर कावीळ झाल्यासारखी दिसायची."

पुसून झालं आणि हातात गुळगुळीत, कोरा चेहरा आला. सईला चमत्कारिक मोकळं वाटलं. त्यावर धुरकट लेपाचा फवारा, म्हणजे पेन्सिल धरते. तो वाळला की रंगीत पेन्सिलींनी आधी पापणीची रेघ, मग बुबुळ, आणि गालांवर खडूची पूड कुंचल्यानं. एक थर मनासारखा झाला की पुन्हा फवारा, म्हणजे वरचा थर चुकून पुसावा लागला तरी खालचा वाचतो.

"कोणाचा चेहरा काढू?"

"ओळखीचा नकोच. अगदी साधा काढा, चारचौघींसारखा."

सई कामाला लागली आणि तिचं भान हरपलं. बहुधा खूप दिवसांनी ती उद्याचा विचार न करता कुठेतरी दोन तास बसली असेल. भुवई जास्त झाली, पुसली. डोळे जुळेनात, पुन्हा काढले. शेवटी तिला स्वतःच्या हातांचं कौतुक वाटलं. साधीच मुलगी होती, बसमध्ये शेजारी बसावी तशी. तिनं ती यशोधनकडे वळवली.

यशोधननी खुर्ची मागे सरकवली. पडद्यावरची रेघ ताडकन उसळली. आठवड्यात पहिल्यांदाच.

"कोण आहे ही?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही. साधी मुलगी."

"डॉक्टर, राग मानू नका. दोन्ही बाजू एकीवर एक ठेवून कापल्यासारख्या आहेत. गालावर छिद्र नाही, डोळ्याखाली सावली नाही. माणसाचं काही नाहीच हिच्यात. मला बघवत नाही."

"साधी मुलगी अशीच तर दिसते!"

 खाली वाकून यशोधननी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

"नवशिक्यानं एक नियम पाळायचा असतो. खोक्यातली एक ठकी कधीच पुसायची नाही. रंगवता रंगवता आपला डोळा सरावतो आणि चुकलेलंही बरोबर दिसायला लागतं. मग ही काढायची, शेजारी ठेवायची आणि ताडून बघायचं. माझी प्रत्येक पोर मी हिच्याशी ताडलीय. मी निघालो त्या वर्षीची आहे ही. तेव्हा लोकांनी मतं देऊन हिचा चेहरा निवडला होता, आठवतं?"

सईला आठवत होतं. तिनंही मत दिलं होतं. त्या वर्षी दहा वर्षांच्या अबोलीसाठी तिनं ही ठकी विकत आणली होती आणि दुकानदाराला म्हणाली होती, काय गोड चेहरा आहे हो!

यशोधननी फडकं सोडलं.

डावा डोळा जरासा खाली होता. हसताना ओठांचा एकच कोपरा वर गेला होता. सईच्या अंगावर शहारा आला, आणि कुठल्याही पडद्याकडे न बघता तिला समजलं की आपली पापणी हलली आहे. ठकी आठ वर्षांत बदललेली नव्हती. तिला कोणी हातच लावला नव्हता.

तिनं ठकी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मग बोलायला लागली, यशोधनशी कमी आणि स्वतःशी जास्त.

"तुमचं रिंगण जागच्या जागी आहे. आमचं आकसलंय. आठ वर्षं आम्ही दिवसभर पुसलेले चेहरेच पाहतोय. रिंगणात आता फक्त तेवढेच मावतात. पटल काढलं की खरी माणसं रिंगणाच्या बाहेर पडतात. सगळीच."

"पण आल्यापासून ऐकतोय तो मुखविषमतेचा रोग तर यंत्रानं मोजता ना तुम्ही?"

"यंत्र प्रमाणमुखाशी, म्हणजे ठरवून दिलेल्या नमुना चेहऱ्याशी ताडतं. आणि प्रमाणमुख दर काही वर्षांनी हजारो लोकांना विचारून ठरवतात, हा चेहरा ठीक वाटतो का म्हणून. मागच्या वेळी ते ठरवणाऱ्या समितीवर मी होते." तिनं ठकी खाली ठेवली. "रोगी वाढलेच नव्हते, मापच आकसलं होतं. माझ्या मुलीला काहीही झालेलं नाही. आणि उद्या तिचा जबडा कापणार आहेत."

"मग उठा की! जा, सांगा तिला. आता तुम्हाला कळलंय, म्हणजे आता नीट दिसेलही."

"तसं होत नाही. नुसतं कळून रिंगण सरकत नाही. पटल न घालता तीन-चार महिने उघडे चेहरे बघावे लागतील, तेव्हा कुठे." तिनं पर्स उचलली. "पण तिला तेवढंच थांबायचंय. चार महिने."

जाता जाता तिनं बेहेऱ्यांना फोन लावला. "सर, कारखानीसांना आजच घरी सोडा. विलगीकरणात ठेवायचंच असेल तर आपल्याला ठेवा." ते काही विचारत होते, पण तिनं ऐकलं नाही.

घरी अबोलीची पिशवी दाराशी भरून ठेवली होती. दिवेलागण झाली होती आणि दिवा रोजच्यासारखा मंद होता. सईनं चपला काढायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. बाहुल्या, रिंगण, प्रमाणमुख, सगळं सांगितलं. स्वतःची चूकही सांगितली. अबोली हुशार मुलगी. तिनं मध्येच एक-दोन प्रश्न विचारले आणि ते नेमके होते.

"म्हणजे मी ठीक आहे आणि सगळ्यांचे डोळे बिघडलेत."

"हो गं बाळा."

"तुझेसुद्धा?"

"माझेसुद्धा. पण ते सुधारतील. आजपासून मी पटल घालणारच नाही. तू फक्त चार महिने थांब. हात जोडते तुला."

अबोलीनं गुडघे जवळ ओढून घेतले. सईला वाटलं, पटलं हिला.

"थांबेन," अबोली म्हणाली. "एवढी वर्षं काढली, चार महिन्यांचं काय! पण एक कर. दिवा मोठा कर आणि माझ्याकडे बघून सांग, मी चांगली दिसते म्हणून. ताटाकडे बघून नको."

सईनं डोळ्यांतलं पटल काढून डबीत टाकलं आणि दिवा मोठा केला. वळायच्या आधी तिनं मनाची सगळी तयारी केली. अंघोळीनंतर पंचात गुंडाळलेली ही पोर आठवली, तिचं पहिलं पाऊल आठवलं. हा चेहरा चांगला आहे, निरोगी आहे, हे आपण सिद्ध करू शकतो, असं स्वतःला बजावलं. आपल्यात जेवढी माया आहे ती सगळी तिनं डोळ्यांत आणली. मग ती वळली, लेकीच्या डोळ्यांत बघून हसली आणि म्हणाली, "चांगली दिसतेस. खूप चांगली दिसतेस तू."

आवाज कापला नाही. हसूही खरं होतं. पण अबोली हसण्याकडे बघतच नव्हती. लहानपणापासून तिला आईच्या चेहऱ्यावर कुठे बघायचं ते ठाऊक होतं, आणि ती तिथेच, पापणीकडे बघत होती.

मग ती उठली आणि तिनं दिवा पुन्हा मंद केला. रागावलेली नव्हती ती. जाताना तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला, थोपटल्यासारखा.

"उद्या उपाशीपोटी यायला सांगितलंय, आई," ती म्हणाली. "मला चहाला उठवू नकोस."